कारवीची पाच घरे आणि त्यांचा मोजणीदार

मार्गशीर्ष वद्य पंचमी. पाच घरांच्या चौकटींवर नंबरांचे पत्रे ठोकले गेले. जबाबदार: गावच्या कमिटीचे अध्यक्ष, आणि ज्याच्या अर्जावरून पत्रे ठोकले तो अर्जनवीस.

चैत्र वद्य चतुर्थी. त्याच पाच घरांना पाडण्याची नोटीस लागली, मुदत एक महिना. जबाबदार: अध्यक्ष.

वैशाख वद्य तृतीया, तिसरा प्रहर. पत्रे उपटून नेण्यात आले. जबाबदार: कमिटीचा ओव्हरसियर, अध्यक्षांच्या तोंडी सांगण्यावरून. लेखी हुकूम नाही. मी मागितला होता.

वैशाख वद्य चतुर्थी, सकाळ. घरे पाडली. जबाबदार: वरील सर्व, अर्जनविसासह.

तो अर्जनवीस मी. भोरच्या कचेरीच्या ओसरीवर बसून मी तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. आता दृष्टी मंदावली आहे, तरी लेखणी चालते. ही हकीकत गेल्या लढाईच्या वर्षांतली आहे. त्यानंतर संस्थान विलीन झाले, कमिटीच्या दारावरची पाटी बदलली. अध्यक्ष मात्र पाटीमागच्या भिंतीप्रमाणे जागच्या जागी आहेत. या अवधीत मी त्यांना लिहिलेल्या प्रत्येक पत्राची पोच मला मिळाली. उत्तर एकाचेही मिळाले नाही. सबब हे लिखाण मी टपालात न टाकता छापावयास दिले आहे. यात कलमे कमी आहेत आणि एका माणसाचे वर्णन जास्त आहे, कारण तो माणूस कसा होता हे कळल्याखेरीज काय पाडले गेले हे कळणार नाही. गावाचे नाव लिहीत नाही. नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ते आहे, एवढे पुरे. ज्यांनी उत्तर द्यावयाचे त्यांना आपले गाव ठाऊक आहे.

त्या माणसाला सारे गाव मोजणीदार म्हणे. संस्थानच्या जमीनमोजणीत त्यांनी उभी हयात साखळी ओढली होती. राजगडाच्या आसपासची उतरणीची वावरे त्यांनी इतक्या वेळा पायाखाली घातली होती की, कुठल्या बांधावरचा दगड कोणत्या साली सरकला हे ते तोंडपाठ सांगत. पेन्शन झाल्यावर साखळी खात्यात जमा झाली आणि सवय त्यांच्याकडे राहिली. रस्त्याने चालताना ते मनात पावले मोजत. मध्येच कोणी राम राम घातला तर उत्तर न देता डाव्या हाताचे एक बोट वर करीत. त्याचा अर्थ, थांबा, शंभर भरू द्या. शंभर भरले की मागे वळून मोठ्याने "राम राम" म्हणत. तोवर तो माणूस वळणाआड गेला असला तरी त्याचा राम राम ते बाकी ठेवीत नसत. नवखे लोक त्यांना भ्रमिष्ट समजत. जुने लोक बोट दिसताच मुकाट्याने उभे राहत.

अंगाने किडकिडीत, डोक्याला मळकट रुमाल, कमरेला काथ्याच्या दोरीचे वेटोळे. या दोरीविषयी पुढे सांगावयाचे आहे. कोणाच्याही घरी गेले तरी बसण्यापूर्वी ते चारी भिंतींकडे पाहत आणि विचारीत, "ही खोली कुणाच्या मापाची?" घरमालकाला प्रश्न कळत नसे. एकदा हा प्रश्न त्यांनी अध्यक्षांच्या बैठकीत विचारला, तेव्हा मी तेथे कागद घेऊन उभा होतो.

"मापाची म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"न्हाई, एवढ्या जागंत निजायचं म्हनलं तर मानूस कूस बदलत बदलत पुन्याला पोचंल."

अध्यक्ष हसले. त्यांना हसता येते. हसताना त्यांचा चेहरा इतका समजूतदार दिसतो की, समोरच्याला आपलीच मागणी अवाजवी वाटू लागते. ते म्हणाले, "मोजणीदार, तुमच्या हिशेबाने माणसाला साडेतीन हात जागा पुरे. तेवढी सरणावरही मिळते. त्याला कोणी घर म्हणत नाही."

"म्हनून तर चवथा हात म्या जितेपनी मागतोय," मोजणीदार म्हणाले, आणि बसायला दिलेली सतरंजी बोटांनी मोजू लागले.

हा चौथा हात म्हणजे त्यांचे सगळे तत्त्वज्ञान. आमच्या त्या गावात बाहेरून येणाऱ्यास राहण्याच्या दोनच तऱ्हा होत्या: अध्यक्षांच्या चाळीत भाड्याची खोली, नाहीतर कोणाच्या तरी पडवीत गुरांच्या शेजारी पथारी. रीतसर घर बांधावयाचे तर सागवान पाहिजे, दगड पाहिजे, गवंडी पाहिजे. ते ज्याला जमते त्याला मुळात घराची ददात नसते. मोजणीदारांचे म्हणणे असे की, चूक सागवानाच्या किमतीत नसून आरंभातच आहे. आपण घर शेजाऱ्याच्या घरावरून बेततो. ते अंगावरून बेतले पाहिजे. "सदरा शिवताना शिंपी तुमचं अंग मोजतोय, का गावच्या पाटलाचं?" असे ते विचारीत.

आणि ते खरोखरच अंग मोजीत. ठकूमावशीचे माप घेतले तो दिवस मला आठवतो. ठकूमावशी सुईण. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत तिचे आयुष्य गेले. नवरा गेल्यावर दिराने घर बळकावले, म्हणून ती खाली आमच्याकडे आली आणि एका गोठ्याच्या कडेला राहू लागली. मोजणीदारांनी तिला माळावर बोलावले, जमिनीवर राखेची रेघ ओढली आणि म्हणाले, "निजा."

"अगं बया," ती म्हणाली. "म्या अजून जिती हाय, मोजणीदार."

"म्हनूनच मोजतोय. मेल्यावं दुसरं मोजत्यात."

आजूबाजूला चारदोन बाया जमल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. ठकूमावशी रेघेवर आडवी झाली. त्यांनी काथ्याची दोरी तिच्या डोक्यापासून पायापर्यंत धरली आणि गाठ मारली. मग बसवले, मांडी घालून बसल्यावर गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत दुसरी गाठ. मग उभे करून, हात वर करून फळीवरचा डबा काढण्याची नक्कल करावयास सांगितली, तिसरी गाठ. जात्यावर बसून दळण्याचा एक फेरा, चौथी. अखेर ते म्हणाले, "आता चवथा हात. मोकळा. तो कशापायी पायजे ते तुमी सांगायचं."

प्रत्येकाला ते हे विचारीत. कोणी देवघर म्हणे, कोणी लाकडे ठेवायला जागा म्हणे. ठकूमावशीने रेघेपलीकडची जमीन हाताने झाडली. ती म्हणाली, "वरच्या वाड्यांतनं पोरी येत्यात बाळंत व्हायला. गोठ्याच्या कडंला निजवते म्या त्यास्नी. एक बाई आडवी व्हईल एवढं द्या."

मोजणीदारांनी दोरी पुन्हा जमिनीवर पसरली आणि ठकूमावशीच्या मापाशेजारी दुसरे एक माणूस निजेल एवढी आणखी एक गाठ मारली. "हे घर दोगीचं," ते म्हणाले. नियमापेक्षा जास्त जागा त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला दिली, ती हीच.

घर कारवीचे. डोंगरात कारवी मुबलक. तिच्या काठ्यांचे विणलेले कूड, त्यांवर शेणमातीचा गिलावा, वर गवताचे छप्पर. खुबी अशी की, चारी भिंती स्वतंत्र तयार करून कोपऱ्यांत काथ्याने बांधलेल्या असत. गाठी सोडल्या की अख्खे घर दोन बैलगाड्यांत भरून दुसऱ्या गावी नेता येई. सोडावयास एक सकाळ आणि बांधावयास दोन दिवस पुरत. माळावरची ती पट्टी मोजणीदारांच्या स्वतःच्या मालकीची होती. तिच्यावर पाच घरे उभी राहिली: ठकूमावशीचे; वरव्याहून बदलून आलेल्या शाळामास्तरांचे व त्यांच्या बायकोचे; सुताराकडे काम करणाऱ्या दोघा भावांचे; धरणाच्या पाण्याखाली गाव गेलेल्या एका म्हाताऱ्याचे; आणि शेवटचे मोजणीदारांचे. त्यांच्या आढ्याला पाच दोऱ्या टांगलेल्या असत, प्रत्येक घराची एक. "ह्ये माजं दप्तर," ते म्हणत. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. मला हा अडाणीपणा वाटे. मी त्यांना सांगितलेही होते की, गाठीला पुरावा म्हणत नाहीत. त्यांनी एक बोट वर केले. ते तेव्हा काहीतरी मोजत होते.

इतके सगळे व्यवस्थित चालले होते. पाच वर्षे त्या घरांनी वेल्ह्याकडचा पाऊस सोसला. मग लढाई आली आणि धान्याच्या चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठी घराच्या नंबरावर मिळे. या पाच घरांना नंबर नव्हता, कारण कमिटीच्या दप्तरी ती घरे नव्हती, खोपटी होती. शाळामास्तरांची बायको दोन वेळा रिकामी पिशवी घेऊन परत आली, तेव्हा मास्तर माझ्याकडे भोरला आले.

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. माणूस राहतो ते घर, गुरे राहतात तो गोठा, वस्तू राहतात ते कोठार. सबब माणसे राहत असता घर नाही असे म्हणणे कमिटीस शक्य नाही, असा त्याचा मुद्देसूद आराखडा होता. अध्यक्षांनी तो वाचला आणि कोणतीही खळखळ न करता मान्य केला. येथेच मी सावध व्हावयास पाहिजे होते. ज्या माणसाची निम्मी चाळ रिकामी आहे, तो माणूस माळावरच्या घरांना इतक्या खुशीने नंबर का देतो, असा प्रश्न साध्या शेतकऱ्यालाही पडला असता. मला पडला नाही. मी माझ्या अर्जाच्या भाषेवर खूश होतो.

पत्रे ठोकले त्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले होते. ठकूमावशीने आपला पत्रा राखेने घासून लख्ख केला आणि त्याला हळदकुंकू लावले. मोजणीदारांनी आपल्या पत्र्याकडे बराच वेळ पाहिले. मला म्हणाले, "हितं लिवलंय एकशे पंचीस. कशाचं माप हाय ह्ये?"

"माप नाही, नंबर आहे," मी म्हणालो.

"मग ह्यो माजा न्हाई. माज्या जागी दुसरा आला तरी ह्योच ऱ्हाईल."

मी हसलो. ते वाक्य मी विसरलो असतो तर आज बरे झाले असते.

चैत्रात नोटीस आली. कमिटीच्या नियमावलीत एक जुने कलम आहे: ज्यास राहते घर म्हणून नंबर आहे ती इमारत दोन खणांहून कमी असता कामा नये; असल्यास मालकाने ती वाढवावी किंवा काढावी. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. कारवीच्या घरांना तुळयाच नव्हत्या. तपासणीच्या कागदावर ओव्हरसियरने पाचही घरांपुढे "खण नाहीत" एवढाच शेरा मारला. खोपटी होती तोवर हे कलम त्यांना शिवत नव्हते. माझ्या अर्जाने ती घरे झाली आणि घरे झाल्याबरोबर बेकायदा ठरली. ते कलम मी वाचले नव्हते असे नाही. ते फक्त नव्या बांधकामास लागू आहे असा माझा अर्थ होता. तो अर्थ मला आजही बरोबर वाटतो.

तो एक महिना कसा गेला हे सांगणे कठीण आहे. वळवाचे ढग राजगडावर येऊन थांबत आणि निघून जात. मुदत संपून पंधरा दिवसांत पाऊस धरणार, आणि तेव्हा उघड्यावर कोण राहील, एवढाच हिशेब माळावर चाले. दोघा भावांनी आपली भांडी पोत्यात भरून ठेवली. म्हातारा बोलेनासा झाला. त्याचे एक घर पाण्याखाली गेलेच होते. शाळामास्तर दर रविवारी भोरला माझ्याकडे येऊन एकच प्रश्न विचारीत: "होईल ना काही?" आणि मी दर वेळी एकच उत्तर देई की, पाडणे थांबवण्यासाठी तहकुबीचा अर्ज कचेरीत दाखल आहे. ठकूमावशीकडे त्या महिन्यात पालीच्या बाजूची एक पहिलटकरीण येऊन राहिली होती. तिचे दिवस भरत आले होते आणि मुदतही.

मुदतीला आठ दिवस उरले तेव्हा मोजणीदार माझ्याकडे आले. राम राम न करताच म्हणाले, "गाठी सोडतो. पालीच्या बाजूला एकजन जागा देतोय. दोन दिसांत समदी घरं हलवतो. तुमचा हुकूम आला तर परत आनीन."

मी म्हणालो, "हात लावू नका."

"का?"

"वाद चालू असताना वादाची वस्तू आपणच हलवली तर आपण नियम मान्य केल्यासारखे होते. उद्या न्यायाधीश विचारतील, घरे कुठे आहेत? मग तहकुबी कशाची द्यायची?"

त्यांनी माझ्यापुढच्या कागदावर बोट ठेवले. मग म्हणाले, "अर्जात काय लिवलंय तुमी?"

मी वाचून दाखवले: घर नंबर एकशे एकवीस ते एकशे पंचवीस ही पाडण्यात येऊ नयेत.

"नंबर नगा लिवू. माप लिवा. ठकूबाई निजल्यावर डोक्यापास्नं पायापत्तुर एवढी, आन् तिच्या बाजूला दुसरी बाई निजंल एवढी, असं घर. तसं दुसरं कुठं सापडायचं न्हाई."

मी मोठ्याने हसलो, आणि कचेरीच्या ओसरीवरचे बाकीचे अर्जनवीसही हसले. मी म्हणालो, "मोजणीदार, कोर्टाला ठकूबाई ठाऊक नाही. कोर्टाला नंबर ठाऊक आहे."

ते उठले. जाताना त्यांची बोटे कमरेच्या दोरीवरून सारखी फिरत होती. मी सांगितले म्हणून त्यांनी एकही गाठ सोडली नाही. चार संसारांची जबाबदारी घेतलेला तो माणूस, ज्याने आयुष्यात माझ्या एकाही कागदावर विश्वास ठेवला नव्हता, त्याने त्या वेळी ठेवला.

तहकुबी मिळाली. हे अगदी स्पष्ट लिहून ठेवतो. भोरच्या कचेरीत एका सज्जन न्यायाधीशाने वैशाख वद्य तृतीयेस सायंकाळी त्या कागदावर सही केली, शिक्का मारला, आणि माझ्या हाती दिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला कागद. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोटारीत बसलो. लढाईतल्या मोटारी कोळशावर चालत. कापूरहोळच्या अलीकडे ती धापा टाकून थांबली, आणि ड्रायव्हर भट्टी ढवळत असता मी रस्त्यात येरझारा घालीत कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. शिक्का जागेवर होता. नसरापुरापासून पुढे पायी. आयुष्यात प्रथमच मी पावले मोजत चाललो होतो. वाटेत कोणी राम राम घातला असेल तर मी उत्तर दिले नाही.

माळावर पोचलो तेव्हा ओव्हरसियर आणि कुऱ्हाडी घेतलेले सहा गडी उभे होते. घरेही उभी होती. मला रडू यावयाचेच बाकी होते. ठकूमावशी दारात होती. आत तीन दिवसांची ओली बाळंतीण. ती मला पाहून म्हणाली, "कागद आनलायसा न्हवं? वाचा की त्यास्नी."

मी खणखणीत आवाजात वाचला. ओव्हरसियरने मान लववून ऐकला. तो उर्मट माणूस नव्हता. त्याने कागद हातात घेऊन शिक्काही तपासला. मग म्हणाला, "हुकूम शिरसावंद्य आहे, रावसाहेब. घर नंबर एकशे एकवीस ते एकशे पंचवीस यांना आम्ही हात लावणार नाही. ती कोठे आहेत ते दाखवा."

मी चौकटीकडे पाहिले. पत्रा नव्हता. चार खिळ्यांची चार भोके होती. पाचही चौकटींवर तसेच. ठकूमावशी म्हणाली, "काल दुपारी काडून नेलं. म्हनले, नवं रंगवून देतो."

"कमिटीने काल हे नंबर रद्द केले," ओव्हरसियर म्हणाला. "या खोपट्यांना नंबर नाही. हुकुमात खोपट्यांचा उल्लेख नाही."

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. पुष्कळ कलमे सांगितली असावीत; नंबर गेला तर नोटीसही गेली, हेही सांगितले असावे. मी बोलत असताना पहिली कुऱ्हाड दोघा भावांच्या घरावर पडली. कारवीचा कूड कुऱ्हाडीखाली फार आवाज करीत नाही. नुसता भुगा होऊन बसतो. मोजणीदारांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच्या घराकडे पाठ करून ठकूमावशीच्या घराच्या कोपऱ्यात बसून गाठी सोडू लागले. पाच वर्षांचा पाऊस प्यालेल्या त्या गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. ते दातांनी सोडवीत होते. सकाळभर लागणारे काम. त्यांना कुऱ्हाडीपेक्षा एकच घर पुढे राहावयाचे होते. बाळंतिणीला बाजेसकट उचलून मारुतीच्या देवळात नेले. ठकूमावशीच्या घराची एक भिंत सुटली. दुसरीच्या दोन गाठी राहिल्या असताना एका गड्याने येऊन अगदी मऊपणे म्हटले, "आबा, बाजूला व्हा. लागंल."

पुढे तीन वर्षे ते जगले, पालीजवळ एकाच्या गोठ्यात. मी अधूनमधून जात असे. दर वेळी मला वाटे की, आज ते म्हणतील: म्या सांगितलं हुतं, माप लिवा. दर वेळी मी उत्तर तयार करून नेई. त्यांनी ते कधीच म्हटले नाही. ते वाटेवरून येताना दिसत, पण बोट वर करीत नसत. राम राम घातला की ताबडतोब उत्तर देत. पावले मोजणे त्यांनी सोडले होते. लोकांना वाटले, म्हातारा सुधारला. मला त्या ताबडतोब आलेल्या राम रामाची धास्ती वाटू लागली होती.

शेवटच्या भेटीत त्यांनी मला राखेच्या रेघेवर निजावयास सांगितले. मी निजलो. त्यांनी माप घेतले, गाठी मारल्या, आणि विचारले, "चवथा हात कशाला?"

मी म्हणालो, "कागद ठेवायला."

त्यांनी ती गाठ मारली. मग घर पडण्यापूर्वी वाचवलेली पाचही दोऱ्यांची जुडी गोठ्याच्या आढ्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवली. "तुमास्नी पुरावा लागतो न्हवं," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता मूळ मुद्दा. ठकूमावशी आज कोठे राहते? अध्यक्षांच्या चाळीत, भाड्याच्या खोलीत. गेल्या महिन्यात मी तिची दोरी घेऊन तेथे गेलो आणि तिच्यादेखत दोरी जमिनीला लावून पाहिली. पहिली गाठ भिंतीला टेकते. ठकूमावशी कशीबशी सरळ निजू शकते. दुसऱ्या बाईची गाठ दाराबाहेर, गटारापलीकडे जाते. बाळंतिणी आता तिच्याकडे येत नाहीत. ती त्यांच्याकडे जाते, आणि पासष्टीच्या गुडघ्यांनी दर वेळी वेळेवर पोचत नाही. पोचली नाही त्या खेपांविषयी तिला विचारू नये. मी विचारले आणि ती भांडी घासू लागली. ती खोली एका खणाची आहे. मी तुळया मोजल्या आहेत. माझ्या पत्राला कमिटीच्या कारकुनाने तोंडी दिलेले स्पष्टीकरण असे की, चाळ ही एकच इमारत आहे, तिला एकच नंबर आहे, आणि तिचे खण चौदा आहेत. सबब नियमाचा भंग होत नाही.

पाहा, मी हे कलम पुन्हा वाचले. कारकुनाचा अर्थ बरोबर आहे. म्हणूनच मी या वेळी कायद्याचा आधार घेत नाही.

माझी मागणी एकच आहे आणि ती अध्यक्षांना उद्देशून आहे. माझ्या यादीतला माझा दोष मी सर्वांसमक्ष लिहून दिला आहे: मी माप लिहावयाचे सोडून नंबर लिहिला, आणि सुटू शकणाऱ्या गाठी सुटू दिल्या नाहीत. आता तुमची पाळी. पुढच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी, मी पारावर ठकूमावशीची दोरी घेऊन बसेन. दोन खणांहून लहान जागेत माणसाने राहू नये असे तुम्ही म्हणाला होता. एका खणात एक सुईण तुम्ही ठेवली आहे. या दोहोंतले खरे कोणते ते पारावर, लोकांदेखत, स्वतःच्या तोंडाने सांगा. कारकून पाठवू नका, पोच पाठवू नका. दोरी लांब आहे आणि ती ताणल्याशिवाय मोजता येत नाही. एक टोक मी धरले आहे. दुसरे तुम्ही येऊन धरावयाचे आहे.